पाकीट फेकू नका! कंपनीने माल परत मागवला तर काय करायचं

आपल्याकडे किराणा आला की माल डब्यात आणि पाकीट कचऱ्यात, आणि सगळं अडतं ते इथेच. आमच्या इंदिरानगरच्या घरी असंच झालं, मसाल्याची एक बॅच कंपनीने परत मागवल्याचं कळलं, सासूबाईंनी लगेच डबा काढला पण बॅच नंबर बघणार कुठे, पाकीट तर सकाळीच घंटागाडीत गेलेलं. अख्खा डबा टाकून दिला, आपला मसाला त्यातलाच होता का ते आजपर्यंत कळलं नाही.

म्हणून आधी सवय लावा, पाकीट फोडलं की बॅच नंबर, तारीख आणि एफएसएसएआयचा (म्हणजे खाण्याच्या मालावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) १४ आकडी लायसन्स नंबर असलेला तुकडा कात्रीने कापायचा आणि चिकटपट्टीने डब्यावर लावायचा. जुन्यात नवीन माल ओतायचा नाही, नाहीतर लेबल असून काही उपयोग नाही.

रिकॉलची, म्हणजे माल परत मागवल्याची बातमी आली की ब्रँडचं नाव बघून घाबरू नका, बहुतेक वेळा एखादी बॅचच परत मागवलेली असते. २०१५ मध्ये मॅगीचे सगळे प्रकार परत मागवले होते, पण तसं क्वचितच होतं. व्हॉट्सॲपवर आलेलं असेल तर कंपनीच्या किंवा एफएसएसएआयच्या साईटवर खात्री करा, मग नाव, वजन, बॅच, तारीख एकेक करून जुळवा.

जुळलं तर खाणं बंद. उकळून, भाजून घेऊ असं अजिबात करू नका, उकळल्याने शिसं जात नाही आणि कीटकनाशकही पूर्ण जाईल याची खात्री नाही. कामवाल्या मावशींना किंवा गल्लीतल्या कुत्र्यालाही देऊ नका प्लीज, जे आपल्याला नको ते त्यांनाही नको. पिशवीत बांधून वर "खाऊ नये" लिहा, लेबलचा फोटो काढा आणि दुकानात न्या. बिल नसेल तर यूपीआयची एंट्री दाखवा.

दुकानदाराने हात वर केले तर पाकिटावरच्या कस्टमर केअरला फोन आणि मेल दोन्ही करा, तरी दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाईन १९१५. माल खराब आहे ही तक्रार मात्र एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर करायची, फोटो तिथे कामाला येतो.

कोणाला उलट्या-जुलाब सुरू झाले तर आधी डॉक्टर, आणि जाताना ते पाकीट सोबत घ्या.