माकडताप, लेप्टो आणि आजाराचा पहिला दिवस : संशोधनात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

सिंधुदुर्ग-रत्नागिरीतली मायक्रोबायोलॉजीची मुलं संशोधन कुठल्या आजारावर करावं असं मला विचारतात तेव्हा सुरुवात बहुतेक वेळा प्लेगपासूनच होते. ही ओढ मला समजते, कारण मलाही या क्षेत्रात प्लेगनेच आणलं. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगस मूळचे आपल्या शेजारच्या गोव्यातले, हडफड्याचे. पुढच्याच वर्षी जानेवारीत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. हे वाचून अंगावर काटा येतो. पण स्पष्ट सांगते, आज फक्त प्लेगवरच काम करायचं म्हणून अडून बसलात तर वर्षं वाट बघण्यात जातील. रुग्ण जवळजवळ नाहीत आणि जिवंत जंतू हाताळायची परवानगी मोजक्या प्रयोगशाळांनाच मिळते. आपल्या दारात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरा-गुरांच्या लघवीतून खाचराच्या पाण्यात येणाऱ्या जंतूंचा आजार) आहे, माकडताप (केएफडी, गोचिडीतून माणसाला होणारा विषाणूचा ताप) आहे. तिथून सुरू करा. पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, २०१२ पासून बीएसएल-४ (सर्वांत कडक सुरक्षेची) प्रयोगशाळा आहे, तिचं स्वप्न जरूर बघा. फक्त तिथे पोचणारं सॅम्पल दोडामार्ग-बांद्याच्या काजूबागेतून निघतं, आणि ते कसं निघालं यावर पुढचं सगळं उभं राहतं.

आता ज्याने माझा सगळ्यात जास्त जीव खाल्ला ते सांगते. फॉर्मवर एक साधा रकाना असतो, ‘आजार सुरू झाल्याची तारीख’. त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

लेप्टोचे जंतू साधारण पहिला आठवडा रक्तात सापडतात, म्हणजे पीसीआर (रक्तातला जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) तेव्हाच करायची. अँटिबॉडी पाचव्या-सातव्या दिवसापासून दिसू लागतात, त्याआधी आयजीएम एलायझा (सुरुवातीच्या अँटिबॉडी शोधणारी चाचणी) निगेटिव्ह आली तरी त्यावरून काहीच ठरत नाही. मॅट या अँटिबॉडी मोजणाऱ्या चाचणीला काही दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन सीरम लागतात आणि टायटर, म्हणजे अँटिबॉडीचं प्रमाण, चौपट वाढलेलं दिसावं लागतं. माकडतापातही विषाणू आधी आणि अँटिबॉडी नंतर, हाच क्रम. म्हणजे कोणत्या दिवशी कोणती चाचणी, हे सगळं त्या एका तारखेवर ठरतं.

आणि ती तारीख पुढे सरकत जाते. माणूस आधी गावातल्या डॉक्टरकडे जातो, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, फारच झालं तर गोव्यातलं बांबोळीचं मोठं हॉस्पिटल. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर निघतो आणि भरती झाल्याचा दिवसच आजाराचा पहिला दिवस म्हणून लिहिला जातो. माझ्या हाती आलेल्या जुन्या रजिस्टरमध्ये पानंच्या पानं दोन्ही रकान्यांत एकच तारीख होती. आजाराच्या नवव्या दिवसाचं रक्त तिथे ‘दुसरा दिवस’ म्हणून नोंदलेलं. अशा रक्ताची पीसीआर निगेटिव्ह आली की ‘लेप्टो नाही’ असा शेरा मारून फाईल बंद. त्यात अँटिबायोटिक आधीच सुरू झालेलं असेल तर जंतू सापडण्याची शक्यता आणखी कमी, आणि त्याची नोंद तर कुठेच नाही. त्या आकड्यांतून निष्कर्ष काढणं शक्यच नव्हतं, मोठा भाग बाजूला ठेवावा लागला. फार जिवाला लागलं ते.

म्हणून तारीख विचारायची कशी, हे शिका. बांद्याजवळच्या एका घराच्या खळ्यात एक आजी काजूच्या बिया वाळत घालत होती. नुकतीच माकडतापातून उठलेली.

“आजी, ताप कधी इलो?”

“झिलान माका हॉस्पिटलात व्हरल्यान, त्याच दिसा.”

“मगे बागेत जावचा कधी बंद केलंस?”

“ता होळयेच्या आदीच. डोक्या फुटत होता, कंबर धरलेली. खय जातलंय बागेत?”

होळी आणि हॉस्पिटल यांच्यात चांगले पाच-सहा दिवस निघाले. तेव्हा काम कधी सुटलं, जेवण कधी नकोसं झालं, त्या दिवशी गावात काय होतं, हे विचारा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर माणसाच्या शेजारी बसून मोजा. आजार सुरू झाला तो दिवस, डॉक्टरकडे गेले तो दिवस, पहिली गोळी घेतली तो दिवस, रक्त काढलं तो दिवस, हे सगळं वेगवेगळं लिहा. प्लेगच्या काळात मुंबईतल्या संशोधकांनी उंदीर मरण्याच्या आणि माणसं आजारी पडण्याच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हाच त्यांच्यात दहा-चौदा दिवसांचं अंतर दिसलं, आणि पिसवांचा संशय पक्का व्हायला त्याची मदत झाली.

रॅपिड किटवर (जागच्या जागी झटपट निकाल देणाऱ्या चाचणीवर) पेपर लिहायचा मोह टाळा. किट गावात निर्णय घ्यायला उपयोगी आहे, संशोधनाचा पाया म्हणून मला ते अजिबात पटत नाही. आणि गाईड निवडताना नुसती पेपरांची यादी बघू नका. जो गाईड कधी लावणीच्या दिवसांत खाचरात उतरला नाही त्याच्याकडे लेप्टो शिकायला जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते आशाताईंनी आणि जिल्ह्यातल्या लॅब टेक्निशियननी.

भीती वाटेल, वाटू द्या. लेप्टोला वेळेवर दिलेलं साधं अँटिबायोटिक पुरतं. माकडतापावर मात्र खास औषध नाही आणि शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. डिसेंबर ते मे जंगलात जाताना पूर्ण बाह्या, मोज्यांत खोचलेली पँट आणि गोचीड दूर ठेवणारं तेल, यात सूट नाही. या दिवसांतली गोचीड अजून पिल्लू असते, खसखशीएवढी, पांढऱ्या कापडावरच दिसते, म्हणून घरी आल्यावर अंग नीट तपासा. मेलेलं माकड दिसलं तर फोटोसाठीसुद्धा जवळ जाऊ नका. अंग थंड पडलं की गोचिडी उतरून आसपास पसरतात. लांबूनच वन आणि आरोग्य खात्याला कळवा. खाचरात काम असेल तर गमबूट घाला आणि डॉक्सिसायक्लिनबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, जोखमीच्या दिवसांत आठवड्याला २०० मिलिग्रॅम दिलं जातं.

आणि स्वतःला ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून खोलीवर पडून राहू नका. कुठल्या बागेत, कुठल्या खाचरात, कधी गेला होतात ते डॉक्टरांना सांगा. घरातल्या कुणाला तरी तुमची फील्डची वही कुठे असते ते माहीत असू द्या.