२० गॅलनमधून १२० गॅलनमध्ये: रीफ टाकी मोठी करताना

हॅमर कोरल (हातोडीसारख्या टोकांचं एक जिवंत प्रवाळ) घरी आणलं तेव्हा त्याला दोन तोंडं होती. चार वर्षांत चौदा झाली. रात्री दिवे मालवले की त्याच्या कडेने दोऱ्यासारखे लांब, पांढरट तंतू बाहेर पडायचे आणि शेजारच्या फेव्हिया या दुसऱ्या कोरलला डसायचे. एका सकाळी पाहिलं तर फेव्हियाची ती बाजू सोललेली, आतला पांढरा सांगाडा उघडा. सरकवायला वीतभर जागा नव्हती. २० गॅलनच्या रीफ टाकीत (कोरल आणि मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी), म्हणजे ७५ लिटरमध्ये, त्या दोघांचं भांडण मिटणार नव्हतं. तेव्हा मोठी टाकी घ्यायचं नक्की केलं.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. नवी टाकी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच: १२० गॅलन, म्हणजे साधारण ४५४ लिटर. टाकी जानेवारीत आली आणि शेवटचा मासा मे महिन्यात तिच्यात गेला. मधल्या काळात जुनी टाकी तशीच चालू होती. तुम्हाला शक्य असेल तर हेच करा, दोन्ही टाक्या काही आठवडे शेजारी चालू द्या. सामानाची यादी कुठेही मिळते. कोरल वाचतात ती कामाचा क्रम नीट ठेवल्यामुळे.

पहिला प्रश्न जमिनीचा

टाकी निवडण्याआधी ती कुठे बसणार ते ठरवा. समुद्राच्या पाण्याचं वजन लिटरला १ किलो २५ ग्रॅम, म्हणजे पाणीच ४६५ किलो. त्यात काच, स्टँड, खालचा संप (पाणी गाळायची दुसरी छोटी टाकी), खडक आणि वाळू धरली की आकडा ७०० किलोच्या घरात जातो, आणि हे सगळं आठ चौरस फुटांवर. इथली घरं लाकडी, आणि राहत्या खोलीची जमीन साधारणपणे चौरस फुटाला ४० पौंड धरून बांधलेली असते. तो हिशोब अख्ख्या खोलीचा असतो, म्हणून टाकी ठेवल्या ठेवल्या काही मोडत नाही. पण आमच्या टाकीखाली चौरस फुटाला १९० पौंडांच्या आसपास भार येत होता. टाकी बाहेरच्या भिंतीला लागून आणि जमिनीखालच्या लाकडी तुळयांना आडवी बसली, तर भार जास्त तुळयांत वाटला जातो. मला हवी असलेली जागा नेमकी तुळयांना समांतर होती. स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलावलं आणि त्यांच्या सांगण्यावरून बेसमेंटमध्ये एक आडवी तुळई आणि दोन टेकू लावून घेतले. हा खर्च आधीच धरून ठेवा.

भारतात सिमेंटच्या स्लॅबवर मोठी टाकी ठेवणाऱ्यांनाही हेच सांगेन. आयएस ८७५ या मानकात राहत्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरलेला आहे. इंजिनीअरला विचारल्याशिवाय टाकीची ऑर्डर देऊ नका.

विजेचं थोडक्यात सांगते. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तिथेच ठिबकेल. करंटची गळती होताच वीज तोडणारं सॉकेटच वापरा. हीटर एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या. एक चालूच राहून अडकला तरी तो एकटा टाकी उकडू शकत नाही, आणि एक बंद पडला तर दुसरा रात्र काढतो.

पाणी

नळाचं पाणी चालत नाही. आरओ आणि त्यापुढे डीआय (उरलेले क्षार काढून टाकणारा फिल्टर), आणि टीडीएस मीटरवर शून्य. माझ्या मेंब्रेनवर दिवसाला ७५ गॅलन असं लिहिलंय, पण तो आकडा २५ अंशांच्या पाण्याचा. फेब्रुवारीत नळाचं पाणी बर्फासारखं येतं तेव्हा उत्पादन निम्म्यावर आलं आणि टाकी व संप भरायला चार दिवस लागले. थंडीत काम काढणार असाल तर हे दिवस मोजून ठेवा.

पहिल्या भरणीचं मीठ थेट नव्या टाकीत मिसळता येतं, कारण आत अजून कोणी नसतं. संप धरून आणि खडक-वाळूची जागा वजा करून माझ्याकडे साधारण ४८० लिटर पाणी बसलं आणि १८ किलोच्या आसपास मीठ लागलं. क्षारता ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मीठ. मोजण्याआधी क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या, नुसत्या शुद्ध पाण्यावर नको. मी तसं केलं तेव्हा कळलं की जुनी टाकी इतकी वर्षं ३२ वर चालली होती. आधी जुनी टाकीच दोन आठवड्यांत हळूहळू ३५ वर आणली. दोन्हीकडचं पाणी सारखं असलं की हलवायच्या दिवशी जिवांना फक्त जागेचा बदल सोसावा लागतो.

आता एक चाचणी, जी आत काहीही सोडण्याआधी करायची. सगळं चालू असताना रिटर्न पंपाचं (संपमधलं पाणी वर टाकीत पाठवणाऱ्या पंपाचं) बटण बंद करा, आणि खाली बसून संपकडे बघत राहा. वीज गेली की हेच होणार असतं: वरचं पाणी पाइपांतून खाली येतं. माझ्या टाकीत एक इंच उंचीचं पाणी म्हणजे जवळजवळ १९ लिटर. रिटर्नचं तोंड पृष्ठभागाखाली दोन इंच असेल तर ३८ लिटर खाली येणार, शिवाय पाइपातलं आणि ओव्हरफ्लोमधलं (टाकीतलं पाणी संपकडे सोडणाऱ्या कप्प्यातलं) वेगळं. मी पहिल्यांदा पंप बंद केला तेव्हा पाणी संपच्या काठाला टेकलं. मग तोंडं वर वळवली, संपमधलं पाणी कमी केलं आणि पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी पाणी काठाखाली चार बोटांवर थांबलं. तिथे मार्करने रेघ ओढली आणि चालू पंपाच्या वेळच्या पातळीवर दुसरी. आजही पाणी घालताना त्या खालच्या रेघेच्या वर जात नाही.

जुनी वाळू आणू नका

हे मी सोसून शिकले. २०१९ साली अपार्टमेंटमधून या घरात आलो तेव्हा तीच २० गॅलनची टाकी हलवली होती. पाणी बादल्यांत भरलं, खडक दुसऱ्या बादलीत, वाळू टाकीच्या तळाशी तशीच ठेवली. नव्या घरी त्याच वाळूवर पाणी ओतलं. वाळूच्या खालच्या थरातून काळपट ढग उठला आणि सडक्या अंड्यांचा वास आला. मला वाटलं, गाळ बसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी रॉयल ग्रामा आणि एक छोटा गोबी, हे दोन्ही मासे तळाशी निपचित पडलेले होते. घाणीतून होणारा विषारी अमोनिया मोजला तर चाचणीच्या नळीतलं पाणी हिरवंगार.

वाळूत वर्षानुवर्षं साठलेलं सगळं खाली दडलेलं असतं. ती ढवळली की ते एकदम पाण्यात येतं. लोक वाळू न्यायला बघतात ती अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंसाठी, पण उपयोगाचे जिवाणू खडकावर भरपूर असतात, आणि पाण्यात तर जवळजवळ नसतातच. म्हणून जुनं पाणी जपून नेण्यातही फारसा अर्थ नाही. नवी वाळू घ्या, बादलीत पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. जुन्या वाळूचा मोह सुटत नसेल तर वरच्या थरातली एक वाटीभर घ्या, बस.

नव्या टाकीत मी कोरडा खडक रचला, बाटलीतले जिवाणू घातले आणि अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमवर नेला. घातलेला अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं लागोपाठ दोनदा दिसेपर्यंत थांबले. मार्च उजाडला. त्यानंतर जुन्या टाकीतला मुठीएवढा खडक संपमध्ये ठेवला. जुना खडक नेण्याआधी रात्री टॉर्च लावून तो नीट तपासा. एप्टेशिया (कोरलला डसणारा, झपाट्याने पसरणारा छोटा सी-अ‍ॅनिमोन) एखादा डोळ्यांआड झाला तर वर्षभरात शंभर होतात. त्याचा बंदोबस्त जुन्या छोट्या टाकीतच करून टाका.

यापुढे काचेवर तपकिरी थर येईल, मग केसांसारखं हिरवं शेवाळ येईल. घाबरून सगळं घासून, नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणू नका. कोरड्या खडकाच्या नव्या टाकीत दोन्ही शून्य झाले की डायनोफ्लॅजेलेट्स या चिकट तपकिरी थर धरणाऱ्या सूक्ष्मजीवांना रान मोकळं मिळतं. मी नायट्रेट ५ ते १० पीपीएम ठेवते. या काळात गोगलगाई सोडायच्या.

अल्कलिनिटीचा हिशोब

इथे हुशार माणसंही चुकतात. अल्कलिनिटी, म्हणजे कोरल वापरतात ते पाण्यातलं कार्बोनेट, भरून काढायला जुन्या टाकीत मी रोज १२ मिली द्रावणाचा डोस देत होते. टाकी सहापट झाली म्हणून ७२ मिली द्यायचे का? अजिबात नाही. कोरल तीच आहेत. त्यांना सांगाडा बांधायला रोज लागणारं कार्बोनेट तेवढंच आहे, टाकी कितीही मोठी असो. रोजचा डोस १२ मिलीच राहतो आणि कोरल वाढतील तसा वाढतो. सहापट दिलात तर आकडा रोज चढत जाईल.

पातळी एकदाच वर उचलायची असेल तेव्हा मात्र पाण्याचं आकारमान धरायचं. ४८० लिटरमध्ये १ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) चढवायला सुमारे १४-१५ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. जुन्या टाकीला २ ग्रॅम पुरायचा. आणि नव्या मिठाचं पाणी मोजून बघा. काही मिठं ११ डीकेएचला येतात. माझी जुनी टाकी ८ वर होती, म्हणून ८ च्या जवळ येणारं मीठ निवडलं.

हलवायचा दिवस

एप्रिलमध्ये आधी झोअँथिड्स (बटणांसारखे छोटे, मऊ कोरल) गेले. ते आठवडाभर उघडे, टवटवीत राहिले, मग हॅमरची पाळी. फुगलेलं हॅमर तसंच पाण्याबाहेर काढू नका. पाणी भरलेले ते जड कोंब हवेत लोंबले की सांगाड्याच्या धारेवर मांस फाटतं. आधी हाताने त्याच्याभोवती हलकेच पाणी हलवा. पाच-दहा मिनिटांत ते आत ओढून घेतं आणि सांगाड्याच्या कडा दिसू लागतात. मग तळाला धरून, पाण्याखालीच, भांड्यात सरकवायचं आणि भांडंच उचलायचं. आमच्या मुलाने भांडं धरलं होतं. नव्या टाकीत त्याला वाळूवर ठेवलं, चारी बाजूंना मोकळी जागा सोडून. संध्याकाळपर्यंत तीन तोंडं बाहेर आली होती, तिसऱ्या दिवशी चौदाही.

दिवे मोठे असतात म्हणून लगेच पूर्ण जोरावर लावायचे नाहीत. पार मीटर (कोरलला मिळणारा उजेड मोजायचं यंत्र) भाड्याने मिळतो. जुन्या जागेवर मोजा आणि नव्या टाकीत तेवढाच आकडा येईल इतका दिवा कमी करा. माझा ३५ टक्क्यांवर सुरू झाला आणि आठवड्याला ५ टक्क्यांनी वाढला.

मासे शेवटी. जाळी घेऊन खडकांत त्यांचा पाठलाग करू नका. उरलेले खडक काढा, पाणी चार इंचांवर आणा, मग क्लाऊनफिशची जोडी डब्यात अलगद येते. नव्या टाकीवर जाळीचं झाकण आधीच बसवा. नव्या जागेत बावरलेले मासे उडी मारतात.

मालवणहून भाचीचा फोन आला होता. "आत्या, मी हयसर टाकी केलंय तर किल्ल्याकडची कोरलां आणून चलतली?" मी म्हटलं, "नाय गो. हात पण लावू नको." रीफ बांधणारी सगळी दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली, आणि मालवणचा समुद्र तर १९८७ पासून अभयारण्य आहे. इथून जाताना एखादा तुकडा भेट म्हणून न्यायचा विचारही करू नका. तिथे मोठी टाकी करायचीच असेल तर गोड्या पाण्याची करा. जमीन आणि वीज यांचं वरचं सगळं तिला लागू पडतं.

जुनी टाकी विकू नका. माझी २० गॅलनची आता बेसमेंटमध्ये नव्या माशांच्या विलगीकरणाला आहे. आत वाळू नाही, फक्त एक स्पंज, हीटर आणि पीव्हीसी पाइपाचे दोन तुकडे. चार फुटी टाकी झाली म्हणून मी यलो टँग हा पिवळा मासा घेतला, तोही टाकीतच जन्मलेला. हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटला २०१५ साली या माशाची पिल्लं पहिल्यांदा वाढवता आली, तेव्हापासून समुद्रातून पकडलेला घ्यायची गरज राहिली नाही. आज त्याचा सतरावा दिवस. नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा माझ्या बोटातून ओढून घेतो. अंगावर रोगाचा एकही पांढरा ठिपका नाही, तरी चार आठवडे पुरे झाल्याशिवाय तो वर येणार नाही.