नागपुरात छोटी डिस्टिलरी चालवायची तर आधी उन्हाचा हिशोब करा

आधीच सांगून ठेवतो, हे सगळं लायसन असलेल्या युनिटसाठी आहे. घरी कुकरला नळी लावून काही करायचं डोक्यात असेल तर ते सोडून द्या, महाराष्ट्र दारूबंदी कायदा 1949 खाली तो सरळ गुन्हा आहे अन् वरून जिवाला धोका.

तर भाऊ, डिस्टिलरीबद्दल नेटवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक स्कॉटलंड-अमेरिकेतल्या थंडगार गावांतलं असतं, फार तर गोव्यातलं. त्यात नागपूरचा मे महिना कुणीच धरलेला नसतो. इथं 45 डिग्रीच्या वर पारा जातो अन् मग पाणी, माप, साठवण, आग सगळ्याचेच नियम थोडे थोडे बदलतात. मशीन कोणतं घ्यायचं हा प्रश्न लोक पहिले विचारतात, तो खरंतर शेवटचा आहे.

सुरुवात कशापासून करायची? माझं मत स्पष्ट आहे, जिनपासून. साखर कारखान्यांच्या किंवा धान्याच्या मोठ्या डिस्टिलरीतून 96 टक्क्यांचं ईएनए (एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल, म्हणजे वास-चव नसलेलं शुद्ध स्पिरिट) परमिटवर घ्यायचं, पाणी घालून 50-60 टक्क्यांवर आणायचं, त्यात जुनिपर (जिनला तिचा खास वास देणारं फळ), धने, अँजेलिकाची मुळी वगैरे रात्रभर भिजवायची अन् सकाळी पॉट स्टिलमध्ये, म्हणजे दारू गाळायच्या भांड्यात, चढवायचं. आंबवणं नाही म्हणजे स्पेंट वॉशची, म्हणजे गाळून उरलेल्या घाण पाण्याची, कटकट नाही. मळीपासून दारू काढली तर एक लिटर अल्कोहोलमागे 8 ते 15 लिटर काळं पाणी निघतं, ते कुठं टाकणार? प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे डिस्टिलरी रेड कॅटेगरीत (सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्यांत) येते ती काय उगीच नाही. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आपल्याच गावात आहे म्हणून ते पाणी आपोआप साफ होणार नाही ना.

अन् नागपुरात जिन करायची म्हणजे संत्रा टाकायचा मोह होणारच, टाकाच, पण नीट टाका. आपल्या संत्र्याची साल सैल असते, आधी सोलून घेतली तर मागचा पांढरा भाग काढणं महाकठीण होतं अन् तो राहिला की कडूपणा येतो. म्हणून फळ अख्खं असतानाच पीलरनी वरची केशरी साल काढून घ्या, फोडी ज्यूसवाल्याला द्या. साल उन्हात वाळत घालू नका, सावलीत, पातळ पसरून. तेल सगळं त्या सालीत आहे, उन्हात ते उडून जातं अन् राहतं ते हवेनी खराब होऊन टर्पेंटाइनसारखा वास मारतं. आंबिया बहार हिवाळ्याच्या तोंडावर येतो अन् मृग बहार फेब्रुवारी-मार्चकडे, कळमन्याच्या मार्केटात भाव पडले की तेव्हाच वर्षभराची साल करून हवाबंद, थंड जागी ठेवा.

साल जास्त झाली की अजून एक भानगड होते. स्टिलमधून निघताना माल काचेसारखा दिसतो, पाणी घालून बाटलीतल्या 42.8 टक्क्यांवर आणला की दुधाळ होतो. खराब झालेला नसतो, सालीचं तेल कमी अल्कोहोलमध्ये विरघळून राहत नाही एवढंच. अशा वेळी त्यात अजून न्यूट्रल स्पिरिट मिसळून तेलाचं प्रमाण खाली आणा, किंवा बाटलीतली स्ट्रेंग्थ वाढवा (लेबल मंजूर व्हायच्या आधी, नंतर नाही), किंवा थंड करून फिल्टर मारा. फिल्टरनी चकाकी येते पण वासही जातो, म्हणून मी पुढच्या बॅचला साल कमी करण्याच्या बाजूचा आहे.

कट कसा घ्यायचा, म्हणजे निघणाऱ्या धारेतलं काय ठेवायचं अन् काय बाजूला काढायचं, हे नाकानंच शिकायचं असतं. आपल्याकडे पहिल्या धारेचीच वाखाणतात, इथं पहिली धार बाजूला काढायची. ईएनए आधीच साफ असल्यामुळे हेड्स (सुरुवातीचा टाकायचा भाग) थोडेच निघतात, पण त्यात मागच्या बॅचचं नळीत राहिलेलं तेल असतं. मग आधी संत्रा-धन्याचा वास चढतो, मग जुनिपर, मुळ्यांचा मातकट वास सगळ्यात शेवटी. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास यायला लागला की हार्ट्स (मधला ठेवायचा भाग) घेणं बंद करा. दर पाच मिनिटाला छोट्या ग्लासात थोडं घेऊन, पाणी मिसळून हुंगा, नुसतं मीटर पाहत बसू नका.

मीटरवरून आठवलं, इथं बरेच लोक फसतात. अल्कोहोलमीटर 20 डिग्रीला बरोबर दाखवतो. माल 40 डिग्रीचा असेल तर खऱ्यापेक्षा साधारण सात-आठ टक्के जास्त दाखवेल. म्हणजे तुम्हाला वाटतं अजून 50 आहे, तुम्ही पाणी ओतता, अन् रात्री माल थंड झाला की लेबलपेक्षा कितीतरी खाली. मग एक्साइजवाल्यांना काय सांगणार, ऊन होतं म्हणून? नमुना थंड पाण्यात ठेवून 20 वर आणा, नाहीतर तापमानाचा तक्ता वापरा, अन् पाणी एकदम पूर्ण ओतू नका, थोडं राखून दुसऱ्या दिवशी शेवटचं माप घ्या. पाणी अन् अल्कोहोल मिसळलं की आकारमानही घटतं, अर्धा लिटर अधिक अर्धा लिटर म्हणजे साधारण 960 मिली होतं, एक लिटर नाही.

हाच प्रकार टाकीचा. 1000 लिटर ईएनए 25 डिग्रीवरून 40 वर गेलं की पंधराएक लिटरनी फुगतं. मे मध्ये रजिस्टरला लिहिलं अन् डिसेंबरमध्ये डिप मारली (पट्टी बुडवून टाकीतलं माप घेतलं) तर तेवढं गायब! कुणी प्यायलं नाही, पण कागदावर घट दिसते. म्हणून प्रत्येक डिपसोबत तापमान लिहायची सवय कामगारांना पहिल्या दिवसापासून लावा.

पाणी बोअरचं असेल तर ते दारूत घालू नका. कॅल्शियम असलं की बाटलीत महिन्याभरानी पांढरे कण तरंगतात अन् गिऱ्हाईक म्हणते भेसळ आहे. आरओ किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणीच.

कंडेन्सरचं, म्हणजे स्टिलमधली वाफ थंड करायचं, पाणी मात्र वेगळा विषय. लोकांना वाटतं मे मध्ये कूलिंगचे वांधे होणार, होतात ते जुलै-ऑगस्टमध्ये. घरच्या कूलरचं पाहा ना, मे मध्ये गारेगार अन् पाऊस लागला की नुसता चिकचिक. कूलिंग टॉवरचंही तेच आहे, कोरड्या हवेत तो पाणी हवेपेक्षा बरंच खाली नेतो, दमट हवेत त्याचं काही चालत नाही. म्हणून टॉवरची साइज पावसाळ्यावरून काढा, नाहीतर छोटा चिलर जोडा, अन् पावसाळ्यात स्टिल हळू चालवा. कंडेन्सरमधून येणारा माल हाताला कोमट लागला तर आच कमी करा, कारण तेवढी वाफ खोलीत येत असते.

अन् ती वाफ म्हणजे खरी भीती. 96 टक्क्यांच्या स्पिरिटचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीनी पेटते) 16-17 डिग्री आहे, 40 टक्क्यांचा 26 च्या आसपास. थंड देशात बाटलीतला माल साध्या हवेत पेट घेत नाही म्हणून तिकडचे लोक बिनधास्त असतात, आपल्याकडे मार्च ते जून तयार माल सुद्धा ठिणगीनी पेटू शकतो. गॅसची शेगडी स्टिलखाली नाहीच, स्टीम जॅकेट लावा. वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते, म्हणून एक्झॉस्ट वर नको, खाली पाहिजे. लाइट, मोटर, स्विच सगळं फ्लेमप्रूफ (ज्याची ठिणगी बाहेरच्या वाफेला लागत नाही असं) अन् त्यावर पेसोची (पेट्रोलियम अन् स्फोटकं सुरक्षा संघटनेची) मान्यता आहे का बघून घ्या, पेसोचं मुख्यालय सेमिनरी हिल्सला आहे, दिल्लीला जायचं काम नाही. ड्रममधून टाकीत ओतताना दोन्हींना अर्थिंग. फोम पण अल्कोहोलसाठी चालणारा, साधा फोम अल्कोहोलवर टिकत नाही.

मोहफुलांच्या दारूबद्दल सगळे विचारतात. गोंदिया-गडचिरोलीकडं मार्च-एप्रिलमध्ये फुलं पडतात, पण तेव्हाच आंबवायला घेऊ नका. यीस्टला 30 च्या आसपास बरं वाटतं, अन् आंबताना ते स्वतःच गरमी करतं, बाहेर 44 असताना टाकी चाळीशीला गेली की काम थांबतं, वासही बिघडतो. वाळलेली फुलं घेऊन ठेवा, माती-खडे चाळून, कीड लागणार नाही अशी, अन् नोव्हेंबर ते फेब्रुवारी आंबवा. पण हा दुसऱ्या टप्प्याचा विषय आहे, स्पेंट वॉशची सोय झाल्यावरचा.

पिंपात मुरवायचा विचार असेल तर दरवर्षी उडून जाणारा माल थंड देशांपेक्षा बराच जास्त धरा. कोरड्या हवेत आधी पाणी उडतं, त्यामुळे स्ट्रेंग्थ वाढत जाते अन् लाकडाचा रंग-वासही मालात भराभर उतरतो. वारंवार चाखा.

कागदपत्रांचं थोडक्यात, राज्य उत्पादन शुल्क, एफएसएसएआय (खाद्यपदार्थांचं लायसन), प्रदूषण मंडळ, फायर, वजनमापं. नियम अन् फी बदलत राहतात, ताजं काय ते विभागातूनच लेखी घ्या, एजंटच्या तोंडी बोलण्यावर जागा घेऊ नका. पैशाचं मात्र लक्षात ठेवा की ड्युटी माल गेटबाहेर पडायच्या आधी भरायची असते अन् दुकानदाराकडून वसुली होते नंतर, छोटे युनिट याच्यातच मरतात. मशीनवर सगळं भांडवल लावू नका. शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे, तिकडची विक्री गणितात धरूच नका.

बाटल्या भरताना शेवटचं एक. जानेवारीत सकाळी 15 डिग्रीला काठोकाठ भरलेली 750 ची बाटली मे मध्ये ट्रकमध्ये 45 ला पोचली की आतला माल पंधराएक मिलीनी फुगतो, बूच वर येतं नाहीतर गळतं. मानेत जागा ठेवा, अन् कॉर्क छान दिसतो म्हणून घेण्याआधी दोन-चार बाटल्या बंद गाडीत दुपारभर ठेवून बघा.