रॉकेट उतरलं तरी उठू नका

स्पेसएक्स कंपनीचं ट्रान्सपोर्टर-१ हे उड्डाण मी भाचीबरोबर नौपाड्यातल्या घरी थेट पाहिलं: रविवार, २४ जानेवारी २०२१, रात्री साडेआठ. एका फाल्कन ९ रॉकेटवर १४३ उपग्रह!

उड्डाणाची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, दिलेली असते, भारतीय वेळेसाठी तीत साडेपाच तास मिळवा. बघायला बसण्याआधी ती पुन्हा तपासा. ते उड्डाणही हवामानामुळे एक दिवस पुढे गेलं होतं. उड्डाणानंतर अडीच मिनिटांच्या आसपास पहिला टप्पा, म्हणजे रॉकेटचा खालचा भाग, सुटतो, साधारण साडेआठ मिनिटांनी तो परत उतरतो. इथे बहुतेक जण उठतात.

तुम्ही जेवून घ्या, पण तासाभरात परत बसा. खरं काम तेव्हा सुरू होतं: उपग्रह आळीपाळीने सुटतात, म्हणजे एकमेकांवर आदळत नाहीत. भाची वहीत प्रत्येक नावापुढे खूण करत होती. अकरा वाजत आले तरी तिला झोप नव्हती, मलाही.