बॉस कोण ते सोडा, कोण कशामुळे बदललं ते बघा

कॉम्प्लेक्स अ‍ॅडाप्टिव्ह सिस्टिम, म्हणजे वर बॉस नसताना एकमेकांकडे बघत बदलत जाणारी व्यवस्था, असं म्हटलं की निम्मे लोक पळतात, पण मुंग्यांची रांग आठवा ना. साखरेच्या डब्यापर्यंतचा रस्ता कुठल्या एका मुंगीने ठरवलेला नसतो, प्रत्येक मुंगी आधीच्या मुंगीचा वास धरून चालते आणि स्वतःचा वास त्यात टाकते, रस्ता पक्का होत जातो, आणि मधे तुम्ही फडकं मारलं की जरा गोंधळ होऊन रांग वळसा घालून परत चालू. नेटवर पुष्कळ लोक मिळून करतात तो ऑनलाइन रिसर्चही बराचसा असाच चालतो. तो कसा वाचायचा, माझी पद्धत सांगतो.

आधी एकच प्रोजेक्ट धरा, आणि जुना धरा, कारण चालू कामात महत्त्वाचं काय ते नंतरच कळतं. मी गॅलेक्सी झू घेतला. जुलै 2007 ला सुरू झाला, जवळपास 9 लाख दीर्घिकांचे फोटो, आणि लोकांनी बघून एवढंच सांगायचं की ही लंबगोल का सर्पिल, सर्पिल असेल तर कुठल्या दिशेने फिरतेय. वर्षभरात दीडेक लाख लोकांनी 5 कोटींवर नोंदी केल्या. हा आकडा लिहून ठेवा आणि विसरा, माणसं मोजून सिस्टिम कळत नाही, तिथेच सगळे अडकतात.

आता वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे काय करायला सांगितलं होतं, उजवीकडे लोकांनी प्रत्यक्षात काय केलं. खरी मजा उजवीकडे. काही जणांना फोटोत बारके हिरवे ठिपके दिसायला लागले, अगदी मटारचे दाणे. प्रश्नात हिरवं-बिरवं काही नव्हतंच! आधी नुसती चेष्टा, एकाने टाकला म्हणून दुसऱ्याने टाकला, मग हा खरा मटार आणि हा नाही अशी वादावादी, मग ओळखायच्या कसोट्या, मग स्पेक्ट्रम, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून तपासणं, आणि 2009 ला त्यातून पेपर आला, ग्रीन पीज म्हणजे आकाराने लहान पण धडाधड तारे बनवणाऱ्या दीर्घिका. इमर्जन्स म्हणतात ते हेच, वरून कोणी ऑर्डर सोडली नव्हती.

दुसरं, सिस्टिम स्वतःची चूक कशी पकडते ते शोधा. नोंदींमध्ये घड्याळाच्या उलट फिरणाऱ्या दीर्घिका जास्त यायला लागल्या. ब्रह्मांडच डावखुरं का काय? मग काही फोटो आरशातल्यासारखे उलटे करून लोकांना दाखवले, तरी उलट्या दिशेचेच क्लिक जास्त! म्हणजे खोट आकाशात नाही, बघणाऱ्यात.

तिसरं म्हणजे बाण. कोणाच्या कामामुळे कोणाचं काम बदललं ते बाण काढून दाखवा, पदं आणि डिग्र्या लिहूच नका. याला पॉलिमॅथ 8 बेस्ट. पॉलिमॅथ म्हणजे गणिताचे अवघड प्रश्न नेटवर सगळ्यांनी मिळून सोडवायचे प्रोजेक्ट, त्यातला हा आठवा. 2013 मध्ये यितांग झांग या गणितज्ञाने सिद्ध केलं की 7 कोटींपेक्षा कमी अंतरावरच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत, लगेच टेरेन्स टाओ वगैरे गणितज्ञ मंडळींनी उघड्यावर काम सुरू केलं आणि सगळ्यांना दिसेल असा एक तक्ता ठेवला, कोणी हा 7 कोटींचा आकडा खाली आणला की तो तक्त्यात, तो बघून दुसरा कामाला लागला, असं करत 4680 वर आले. तेवढ्यात जेम्स मेनार्ड नावाचा गणितज्ञ एकटा वेगळ्याच वाटेने 600 वर पोचला. इथे फडकं बसलं बघा. ग्रुपने काय केलं, त्याचीच वाट धरली, तोही सामील झाला आणि 2014 ला आकडा 246. हा वळसा म्हणजे अ‍ॅडाप्टिव्ह.

शेवटी एक गोष्ट मनातल्या मनात काढून टाका, तो तक्ताच समजा, आणि बाकीचे बाण टिकतात का बघा. माझ्या मते निम्मे गळतात. त्याच मालिकेतल्या, वेगळ्या प्रश्नावरच्या पॉलिमॅथ 3 मध्येही हुशार माणसं होती पण मूळ प्रश्न सुटला नाही, प्रश्न अवघड होता हे खरंच, पण रोज खाली सरकताना दिसेल असा आकडाही हाताशी नव्हता, असं मला वाटतं.

हात बसला की मग चालू प्रोजेक्ट घ्या. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा लोकांकडून बघून घेणारा रॅड अ‍ॅट होम आहे, महिनाभर नुसतं उजवीकडचं पान भरा.