पिस्तुलाचा नेम: दहा मीटरवरची अचूकता कशी वाढवावी

सांगलीत माझ्याकडे एअर पिस्तूल शिकायला येणाऱ्या तरुणांमध्ये शिराळा किंवा पाटण भागातला एखादा जण असला, की पहिल्या आठवड्यातच तो विचारतो, "सर, रानडुकरांनी भुईमूग पार उकरून टाकलाय, पिस्तुलाने रानात नेम कसा धरायचा?" त्याच्या प्रश्नामागचे नुकसान खरे आहे. चांदोली आणि कोयनेच्या जंगलाला लागून ज्याचे शेत आहे, त्याला रात्रीची राखण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तरीही त्याला उत्तर स्पष्टच द्यावे लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार शिकारीला बंदी आहे, पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्याबाबतचा निर्णयही अधिकार असलेल्या वन अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय कोणालाही घेता येत नाही, आणि शेतकऱ्यासाठी पंचनामा करून वन विभागाकडे भरपाई मागणे हाच योग्य मार्ग आहे. शिवाय आखूड नळीच्या हत्याराने हलत्या जनावरावर केलेला वार बहुतेक वेळा त्याला जखमी करूनच सोडतो, आणि जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी ऊसतोडणीला आलेल्या माणसाच्या अंगावर जाते. म्हणून हा लेख कागदी लक्ष्याविषयी आहे. नेमाचे जे ज्ञान त्या मुलाला हवे असते, ते सगळे या दहा मीटरमध्ये सामावलेले आहे.

आधी आकडे लक्षात घ्यावेत, कारण पुढची प्रत्येक सूचना त्यांतूनच निघते. एअर पिस्तूल स्पर्धेत लक्ष्य 10 मीटरवर असते, त्याचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटर उंचीवर असतो, आणि छर्रा 4.5 मिलिमीटर जाडीचा असतो. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा 11.5 मिलिमीटर, तर ज्याला आपण 'काळे' म्हणतो त्या सात ते दहा गुणांच्या भागाचा व्यास 59.5 मिलिमीटर असतो. पात्रता फेरीत 60 फैरी झाडायच्या असतात आणि इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर त्यासाठी 75 मिनिटे मिळतात, म्हणजे एका फैरीला सरासरी सव्वा मिनिट. पिस्तूल एकाच हाताने धरायचे, मनगटाला कोणताही आधार घ्यायचा नाही, आणि ट्रिगरचा दाब किमान 500 ग्रॅम असला पाहिजे. छर्रा दहाच्या वर्तुळाला नुसता स्पर्शून गेला तरी दहा मोजले जातात, त्यामुळे छर्र्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून 8 मिलिमीटरच्या आत पडला की पूर्ण गुण मिळतात.

नवशिक्याचा मोठा गैरसमज असा की नेम चुकतो तो हात हलल्यामुळे. हात तर सगळ्यांचाच हलतो. ऑलिम्पिकमध्ये उभ्या असलेल्या खेळाडूचाही हलतो. पण चूक दोन प्रकारची असते, आणि त्यांतली एक दुसरीपेक्षा कितीतरी महाग पडते. पिस्तुलावर नेम धरायच्या दोन खुणा असतात: नळीच्या टोकाकडची फ्रंट साइट आणि डोळ्याकडची, खाच असलेली रिअर साइट. समजा, या दोन्ही साइट एका रेषेत आहेत आणि सगळा हातच 5 मिलिमीटर डावीकडे सरकला. अशा वेळी छर्राही लक्ष्यावर जेमतेम 5 मिलिमीटर डावीकडे पडेल, आणि गुण दहाच राहतील. आता हात जागेवर आहे, पण मनगट किंचित वळल्यामुळे फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत 1 मिलिमीटरने सरकली, असे समजा. दोन्ही साइटमधले अंतर सुमारे 320 मिलिमीटर धरले, तर 10 मीटरवर तोच 1 मिलिमीटर 31 मिलिमीटर होऊन बसतो आणि दहाऐवजी सात गुण पदरात पडतात. साइट पाव मिलिमीटर सरकली तरी छर्रा दहाच्या अगदी कडेला जाऊन पोचतो. म्हणून हाताची थरथर थांबवण्याच्या मागे लागू नये. ती थरथर मान्य करून, त्या हालचालीतही दोन साइटचे परस्पर नाते बिघडू द्यायचे नाही, इतकेच नेमबाजाचे काम आहे. ही गोष्ट मला स्वतःला उमगायला दोन वर्षे लागली, आणि ती दोन वर्षे मी हात दगडासारखा स्थिर करण्याच्या नादात घालवली, याचे आजही वाईट वाटते.

यातूनच नजरेचा नियम निघतो. डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट केंद्रित होतो, आणि ते अंतर फ्रंट साइटचे असले पाहिजे. फ्रंट साइटच्या वरच्या कडा रेखीव दिसाव्यात, तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या रुंदीच्या प्रकाशाच्या फटी दिसाव्यात, तिचा माथा रिअर साइटच्या माथ्याशी एका पातळीत असावा, आणि काळे वर्तुळ मागे धूसर दिसावे. हे धूसर दिसणे नवशिक्याला सहन होत नाही. लक्ष्यच नीट दिसत नसेल तर त्यावर नेम कसा लागणार, असे त्याला वाटते आणि नजर पळून लक्ष्यावर जाते. नजर गेली की साइट सरकते, आणि ती सरकल्याचे कळतही नाही. म्हणूनच पिस्तूल काळ्याच्या मध्यावर न धरता त्याच्या खालच्या पांढऱ्या पट्ट्यात धरण्याची पद्धत आहे: पांढऱ्यावर काळी साइट उठून दिसते. ती पट्टी किती रुंद असावी याचा हट्ट धरू नये. काळ्याच्या खालचा एक भाग आपला मानावा आणि साइट त्या भागात हळूवार फिरू द्यावी. दुसरा डोळा मिटून घेतला की चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात, म्हणून त्याच्यासमोर 30 मिलिमीटरपर्यंत रुंदीची पट्टी लावण्याची मुभा नियमांत आहे. ती वापरावी आणि दोन्ही डोळे उघडे ठेवावेत.

उभे राहण्याबद्दल थोडक्यात सांगतो. पाय खांद्यांइतक्या अंतरावर, शरीर लक्ष्याला आडवे, वजन दोन्ही पायांवर सारखे, मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला. आता डोळे मिटावेत, पिस्तूल उचलून रोखावे, दोन श्वास घ्यावेत आणि मग डोळे उघडावेत. साइट लक्ष्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे दिसली, तर हाताने ती मध्यावर ओढू नये. मागचा पाय थोडा सरकवून सगळे शरीरच फिरवावे आणि पुन्हा डोळे मिटून पाहावे. हाताने ओढून आणलेला नेम पहिल्या दहा फैरी टिकतो, चाळिसाव्या फैरीला खांदा दमला की शरीर आपल्या मूळ दिशेकडे परत जाते आणि छर्रे एका बाजूला जमू लागतात. आपल्याकडच्या तालमीत वस्ताद पोराला डाव शिकवण्याआधी महिनोन् महिने पवित्रा घोटून घेतात, त्यामागचे कारण हेच आहे.

पकड दर वेळी अगदी तशीच बसली पाहिजे. मोकळ्या हाताने नळीकडून पिस्तूल धरून ते दुसऱ्या हाताच्या अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात घट्ट बसवावे, मग बोटे मिटावीत. दाब मधल्या दोन बोटांचा, तोही सरळ मागच्या दिशेने. अंगठा आणि करंगळी नुसती टेकलेली असावीत. तर्जनीचा पकडीशी काहीही संबंध नसावा. मनगट आणि कोपर ताठ हवे, पण खांदा उचललेला नको.

आता ट्रिगर. गुण इथेच मिळतात आणि इथेच जातात, म्हणून मी शिकवण्याचा निम्मा वेळ यावर खर्च करतो. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य ट्रिगरवर ठेवावा आणि दाब नळीच्या रेषेत सरळ मागे द्यावा. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिला हलका टप्पा पिस्तूल लक्ष्याच्या भागात उतरत असतानाच घेऊन टाकावा, आणि दुसऱ्या टप्प्यावरचा दाब साइट स्थिरावू लागताच, न थांबता, एकसारखा वाढवत न्यावा. 'आता दहा दिसले, आता ओढ' असा हुकूम मनाने बोटाला दिला की घात झालाच, कारण तो हुकूम एकट्या बोटापर्यंत जात नाही. सगळी मूठ आवळली जाते, मनगट मोडते, आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचा छर्रा खाली डावीकडे जाऊन पडतो. फैर सुटण्याचा नेमका क्षण आपल्याला आधी ठाऊक नसावा, फक्त दाब वाढत राहावा. पिस्तूल लक्ष्याच्या भागात उतरल्यापासून साधारण पाच ते आठ सेकंदांत फैर सुटावी. त्याहून जास्त वेळ लागला तर डोळा थकतो, श्वास कोंडतो आणि मन घाई करते; अशा वेळी पिस्तूल खाली घ्यावे, दोन श्वास घ्यावेत आणि पहिल्यापासून सुरुवात करावी. सव्वा मिनिट हाताशी असताना फसलेली फैर रेटून मारणे मला कधीच पटलेले नाही. फैर सुटल्यावरही दोन सेकंद साइटवरची नजर आणि बोटाचा दाब तसाच ठेवावा. छर्रा नळीत असेपर्यंत पिस्तूल हलले नाही ना, हे कळण्याचा तोच एक मार्ग आहे, आणि छर्रा कुठे पडला असेल हे पडद्याकडे न पाहता सांगण्याची सवयही त्यातूनच लागते.

मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा केसभर पुढेमागे सरकवत बसतो. त्याच्या बोटाला जो धीर असतो, तोच ट्रिगरवरच्या बोटाला लागतो. माझ्या मुलांना मी एकदा तिथे मुद्दाम घेऊन गेलो होतो.

घरी करायचा सराव छर्र्यांशिवायचा असतो, आणि तासगाव, विटा, पलूस अशा ठिकाणांहून रोज रेंजवर येणे ज्यांना जमत नाही, त्यांनी यावरच भर द्यावा. छर्र्यांची डबी दुसऱ्या खोलीत ठेवावी, पिस्तूल रिकामे असल्याची स्वतः आणि शक्य असल्यास दुसऱ्याकडून खात्री करून घ्यावी, पिस्तुलाची कोरड्या सरावाची सोय वापरावी, आणि ज्या भिंतीपलीकडे कोणी नाही अशाच भिंतीकडे तोंड करावे. पहिला आठवडा भिंतीवर लक्ष्य लावूच नये. नुसत्या पांढऱ्या भिंतीसमोर साइट पाहत ट्रिगर दाबावा. लक्ष्यच नसल्यामुळे नजर पळायला जागा राहत नाही, आणि ट्रिगर सुटताना साइट कोणत्या बाजूला उसळते ते प्रथमच स्वच्छ दिसते. अशा रोजच्या 30 फैरी, वीस मिनिटांत, पुरेशा आहेत. खांद्याच्या ताकदीसाठी भरलेली एक लिटरची बाटली नेमाच्या उंचीवर 30 सेकंद धरावी, मिनिटभर विश्रांती घ्यावी, असे सहा वेळा करावे. पिस्तुलाचे वजनही साधारण किलोच्या आसपासच असते. धीर धरता आला तर दीड-दोन महिन्यांत फरक जाणवतो.

सुरक्षिततेचे नियम मी रोज म्हणून घेतो, पाढे म्हणावेत तसे. पिस्तूल भरलेलेच आहे असे समजावे. नळीचे तोंड कायम लक्ष्याकडे असावे. साइट लक्ष्यावर आल्याशिवाय बोट ट्रिगरवर जाऊ नये. टेबलावर ठेवलेल्या पिस्तुलात सेफ्टी फ्लॅग, म्हणजे ते रिकामे असल्याची खूण, घातलेला असावा, आणि पुढे कोणी गेले असेल तर पिस्तुलाला हातही लावू नये. साधारण 6 ज्यूल ऊर्जेचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नसला, तरी ते खेळणे आहे असे घरातल्या मुलांना कधीही वाटू देऊ नये.

रेंजवर आल्यावर एका फैरीवरून साइट फिरवू नये. पाच फैरींचा ग्रुप बघावा. छर्रे एकत्र पडत असतील पण मध्यापासून दूर असतील, तर साइटचे स्क्रू फिरवावेत. ते विखुरलेले असतील तर साइटचा दोष नाही. उभ्या रेषेत पसरले असतील तर श्वास किंवा फ्रंट साइटची उंची तपासावी, आडवे पसरले असतील तर पायांची दिशा आणि बोटाचा कोन. एकच छर्रा लांब गेला आणि तो सुटतानाच आपल्याला कळले होते, तर तो वहीत लिहून विसरून जावा. कळलेच नव्हते, तर मात्र ती फैर मोलाची आहे. नजर साइटवर नव्हती, याचा तो पुरावा असतो.

साधनांबद्दल एवढेच सांगतो की महाग पिस्तुलापेक्षा सांभाळलेले पिस्तूल बरे. हवेच्या सिलिंडरवर छापलेली मुदत पाहावी, साधारणतः ती दहा वर्षांची असते, आणि ती उलटल्यावर सिलिंडर वापरू नये. टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला आणि तिची अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तीच खेळाडू 2024 मध्ये पॅरिसला 221.7 गुणांसह कांस्यपदकावर आली, आणि त्या वेळी तिच्यापुढे असलेल्या खेळाडूशी तिचे अंतर फक्त 0.1 गुणाचे होते. अंतिम फेरीत गुण दशांशांत मोजतात, आणि कागदावर 0.1 गुण म्हणजे 0.8 मिलिमीटर. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने त्याच ऑलिम्पिकमध्ये रायफलमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून आमच्याकडे येणाऱ्या मुलांची संख्या वाढली आहे, आणि त्यांना मी पहिल्या दिवशी हे 0.8 मिलिमीटर पट्टीवर मोजून दाखवतो.

वही मात्र प्रत्येकाने ठेवावी. तारीख, उजेड कसा होता, झोप किती झाली, कोणत्या दहा फैरींत गुण गेले आणि त्या वेळी मनात काय चालले होते, एवढे पुरे. बहुतेकांच्या वहीत तीन-चार महिन्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सापडते. कोणाचे गुण पहिल्या दहा फैरींत जातात, कोणाचे सलग पाच-सहा वेळा दहा गुण लागल्यानंतर. पहिल्या प्रकारच्या मुलाने सरावाच्या फैरींचा पूर्ण वेळ वापरून मगच गुणांत धरल्या जाणाऱ्या फैरी सुरू कराव्यात. दुसऱ्या प्रकारच्या मुलाने सलग पाचव्यांदा दहा गुण लागल्यावर पिस्तूल खाली ठेवावे, दोन घोट पाणी प्यावे, मागच्या पायाची जागा पुन्हा तपासावी आणि नंतरच हात उचलावा.