बंद टीव्ही युनिटमधील होम थिएटर थंड कसे ठेवावे

नव्या घरांत टीव्ही युनिट बहुधा भिंतीलाच पक्के बसवलेले असते. मागे प्लाय, पुढे काचेचे किंवा सनमायकाचे दार आणि आत रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर), सेट-टॉप बॉक्स, राउटर, क्वचित गेमिंग कन्सोल अशी रचना असते. वायरींचे जाळे दिसू नये आणि धूळ बसू नये, ही त्यामागची इच्छा अगदी रास्त आहे. परंतु सुताराला माप देताना दार, ड्रॉवर आणि रंग यांचीच चर्चा होते. हवा कोठून आत येणार आणि कोठून बाहेर जाणार, हा प्रश्न कोणी विचारत नाही. पंखा बसवणे ही नंतरची गोष्ट आहे. हवेची वाट नसलेल्या कप्प्यात पंखा लावला, तर तो तीच गरम हवा आतल्या आत फिरवत राहतो.

हा प्रश्न किती गंभीर आहे, हे साध्या हिशेबाने कळते. समजा, १८ मि.मी. प्लायचा, ६० सें.मी. रुंद, ४५ सें.मी. खोल आणि २० सें.मी. उंच असा पूर्ण बंद कप्पा आहे आणि त्यात ६० वॅट वीज घेणारा रिसीव्हर ठेवला आहे. लाकूड उष्णतेचे दुर्वाहक असल्यामुळे कप्प्याच्या सहाही बाजू खोलीतील हवेला मोकळ्या आहेत असे मानले, तरी आतले तापमान खोलीपेक्षा सुमारे २५ अंशांनी चढल्यावरच ते स्थिरावते. प्रत्यक्षात मागे भिंत आणि शेजारी दुसरा कप्पा असतो, त्यामुळे वाढ याहूनही जास्त होते. म्हणजे खोलीत ३५ अंश सेल्सिअस असताना रिसीव्हरभोवती ६० अंश. बहुतेक उपकरणांच्या माहितीपुस्तिकेत सभोवतालच्या हवेची कमाल मर्यादा ३५ ते ४० अंश दिलेली असते.

मर्यादा ओलांडली की उपकरण त्याच दिवशी बंद पडेलच असे नाही, आणि त्यामुळेच दुर्लक्ष होते. वीजपुरवठ्याच्या भागातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (आत द्रव असलेले, विद्युतभार साठवणारे छोटे डबे) मात्र उष्णतेने हळूहळू आतून सुकत जातात. तापमान दर १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधील ढोबळ नियम आहे. ऐन चित्रपटात रिसीव्हर ‘प्रोटेक्ट’मध्ये, म्हणजे स्वतःच्या बचावाच्या स्थितीत जाऊन बंद होणे ही उघड दिसणारी खूण, आयुष्य घटणे ही न दिसणारी.

उष्णतेचा हिशेब

उपकरण जेवढी वीज घेते, तेवढी जवळजवळ सगळी अखेर उष्णतेत बदलते. रिसीव्हरची काही शक्ती वायरीतून स्पीकरकडे जाते हे खरे. पण घरात नेहमीच्या आवाजाला ती सरासरीने काही वॅटच असते. पारंपरिक एबी वर्गातील ॲम्प्लिफायर आवाज अगदी कमी असतानाही पन्नास-साठ वॅट घेत राहतो, कारण त्याच्या ट्रान्झिस्टरांतून सतत थोडा प्रवाह वाहता ठेवावा लागतो. डी वर्गाचे ॲम्प्लिफायर याबाबतीत बरेच काटकसरी असतात. सेट-टॉप बॉक्सला लहान समजू नये: तो दहा-पंधरा वॅटच घेत असला, तरी रिमोटने बंद केल्यावरही अनेकदा जवळपास तेवढीच वीज घेत असतो, म्हणजे कप्पा दिवसभर तापवत असतो. सध्याच्या पिढीचे मोठे गेमिंग कन्सोल खेळ चालू असताना २०० वॅटच्या आसपास जातात. उपकरणाच्या मागील पट्टीवरचा आकडा प्रत्यक्ष वापराचा नसतो. त्यामुळे प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणून चित्रपट चालू असताना मोजणे उत्तम.

एकूण वॅट कळल्यावर किती हवा लागेल, हे एका सूत्राने काढता येते: वॅटची तिप्पट करून तिला खोली आणि कप्पा यांच्या तापमानात चालू शकेल अशा फरकाने भागावे, उत्तर दर तासाला लागणारे घनमीटर. रिसीव्हर ७०, सेट-टॉप बॉक्स १५, राउटर १० आणि स्ट्रीमिंगची डबी ५, असे १०० वॅट धरू आणि ८ अंशांचा फरक चालेल असे ठरवू. उत्तर येते साडेसदतीस घनमीटर. पंख्यांवर हवेचे माप सीएफएममध्ये (दर मिनिटाला घनफूट) लिहिलेले असते आणि १ सीएफएम म्हणजे सुमारे १.७ घनमीटर प्रतितास. म्हणजे आपल्याला प्रत्यक्षात २२ सीएफएम हवेत. जाळी, वायरी आणि वळणे यांच्या अडथळ्याने पंख्याची क्षमता निम्म्यावर येते असे धरून ४५ ते ५० सीएफएमचा पंखा निवडावा. १२० मि.मी. मापाचा, संगणकात वापरतात तसा एक पंखा यासाठी पुरतो. त्याच कप्प्यात कन्सोल ठेवला, तर आकडा एकदम तिप्पट होतो. माझ्या मते कन्सोल बंद कप्प्यात ठेवूच नये; त्याला उघडी फळी द्यावी.

आधी वाट, मग पंखा

गरम हवा हलकी होऊन वर जाते, म्हणून थंड हवा खालून, शक्यतो पुढच्या बाजूने आत यावी आणि गरम हवा वरून, मागच्या बाजूने बाहेर पडावी. दोन्ही छिद्रे एकमेकांजवळ असली, तर हवा उपकरणांना वळसा न घालता थेट निघून जाते. वायरींसाठी पाडलेल्या ५० मि.मी. व्यासाच्या गोल छिद्रावर अनेकजण विसंबतात, पण त्याचे क्षेत्रफळ जेमतेम २० चौरस सें.मी. भरते आणि वायरी घातल्यावर त्यातलेही फारसे उरत नाही. वरील १०० वॅटच्या उदाहरणात हवा आवाज न करता आत यायची, तर किमान १०० चौरस सें.मी. मोकळी जागा लागते. जाळी निम्मी जागा अडवते, म्हणून प्रत्यक्ष कापायची फट २०० चौरस सें.मी.ची धरावी: तळाच्या प्लायमध्ये पुढच्या कडेजवळ ४० सें.मी. लांब आणि ५ सें.मी. रुंद फट पुरेशी होते. युनिट जमिनीपासून उचललेले असेल, तर ही फट बाहेरून दिसतही नाही. ते जमिनीला टेकलेले असेल, तर खालच्या स्कर्टिंगमध्ये जाळीची पट्टी बसवून घ्यावी.

आतील फळ्यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. फळी मागच्या प्लायला घट्ट भिडलेली असेल, तर प्रत्येक कप्पा वेगळी बंद पेटी होतो. फळीची मागची कड ५ ते ७ सें.मी. अलीकडेच थांबवावी, म्हणजे तेथून हवा वर जाते आणि वायरीही उतरतात. या वायरी पट्ट्यांनी बांधून एका बाजूला घ्याव्यात; मध्ये सोडलेला गुंता हवेला बांधासारखा अडवतो.

सर्वाधिक तापणारा रिसीव्हर सगळ्यात वर ठेवावा आणि त्याच्यावर काहीही ठेवू नये. सेट-टॉप बॉक्स रिसीव्हरच्या झाकणावर ठेवण्याची सवय सर्रास दिसते. त्यामुळे रिसीव्हरच्या वरच्या फटी झाकल्या जातात आणि बॉक्सला खालून सतत शेक मिळतो. रिसीव्हरच्या वर आणि बाजूंना किती मोकळी जागा हवी, हे पुस्तिकेत लिहिलेले असते. बऱ्याच मॉडेलांना १० ते ३० सें.मी. लागतात, आणि हा आकडा सुतार येण्यापूर्वी पाहावा. युनिट भिंतीला चिकटलेले असल्यास मागच्या प्लायमध्ये पंखा लावून उपयोग नाही. बाजूच्या फळीत वरच्या मागील कोपऱ्यात तो बसवावा. युनिटच्या वरच्या फळीतही तो चालतो, मात्र टीव्ही बरोबर वर टांगलेला असेल तर गरम हवा त्याच्या पाठीवर जाते, म्हणून तेथे बाजूची फळीच योग्य.

पंखा हवा बाहेर फेकेल असा लावावा. १२ व्होल्ट डीसीवर चालणारा पंखा घ्यावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत २३० व्होल्टवर थेट चालणारे धातूच्या चौकटीचे पंखेही मिळतात, पण ते यंत्रांच्या पॅनेलसाठी असतात आणि दिवाणखान्यात त्यांचा घरघराट सहन होत नाही. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून एक पंखा पूर्ण वेगाने पळवण्यापेक्षा दोन पंखे सात-आठ व्होल्टवर संथ चालवणे शहाणपणाचे. प्लाय थरथरू नये यासाठी स्क्रूऐवजी रबरी खुंट्या वापराव्यात, आणि पंखा आडवा बसणार असेल तर बॉल बेअरिंगचा घ्यावा.

पंखा विसरून चालू राहू नये किंवा बंदच राहू नये, यासाठी सोपा मार्ग म्हणजे ५ व्होल्टचा यूएसबी पंखा टीव्हीच्या यूएसबी पोर्टला जोडणे. टीव्ही बंद झाल्यावर बहुतेक संचांत तो आपोआप थांबतो. याहून चांगला उपाय म्हणजे १२ व्होल्टचा तयार थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला पंखा चालू-बंद करणारा स्विच. त्याचा संवेदक रिसीव्हरच्या वर, पण पंख्याच्या थेट झोताबाहेर असावा. रिसीव्हरला १२ व्होल्टचा ट्रिगर (रिसीव्हर चालू असताना इशारा देणारा पोर्ट) असल्यास त्यावरून रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, चालवावा. पंखा थेट जोडू नये, कारण त्या पोर्टची क्षमता फार थोडी असते. थर्मोस्टॅटचा आकडा मात्र आपल्या गावाप्रमाणे ठरवावा लागतो. विदर्भात मे महिन्यात ३५ अंशांवर ठेवलेला थर्मोस्टॅट पंखा दिवसभर थांबूच देणार नाही. तेथे ४० ते ४२ अंश ठेवणे व्यवहार्य. कूलरचा दमट झोत सरळ युनिटवर येणार नाही, हेही तेथे पाहावे.

आत येणाऱ्या फटीला धुता येईल असा स्पंजाचा किंवा बारीक जाळीचा फिल्टर लावावा आणि तो महिन्याकाठी धुवावा, नाहीतर काही महिन्यांत वाट पुन्हा बुजते. बाहेर जाणाऱ्या छिद्रालाही जाळी हवी, कारण पाली आणि झुरळे उबेला येतात आणि सर्किटवर गेलेली पाल संपूर्ण बोर्ड निकामी करू शकते. इन्व्हर्टर किंवा यूपीएस या कप्प्यात अजिबात ठेवू नये. उष्णतेने बॅटरी लवकर मरते आणि ती स्वतःही कप्पा तापवते. २३० व्होल्टची कोणतीही जोडणी वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.

मोजून खात्री

वायरीवर संवेदक असलेला डिजिटल थर्मामीटर स्वस्त मिळतो. संवेदक रिसीव्हरच्या झाकणापासून काही सेंटिमीटर वर टांगावा, दुसरा थर्मामीटर खोलीत युनिटपासून दूर ठेवावा, दार लावून नेहमीच्या आवाजात दोन तास चित्रपट चालवावा आणि दोन्ही आकडे स्थिर झाल्यावर त्यांतील फरक पाहावा. नुसते आतले तापमान पाहून निर्णय घेऊ नये, कारण डिसेंबरातील ३५ अंश आणि एप्रिलमधील ३५ अंश यांचा अर्थ वेगळा आहे. फरक ८ ते १० अंशांच्या आत असेल, तर व्यवस्था ठीक आहे.

तो जास्त असेल, तर मोठा पंखा आणण्याआधी पेटलेली उदबत्ती आत येणाऱ्या फटीजवळ, वायरींपासून दूर, धरून पाहावी. धूर ठामपणे आत ओढला जात असेल, तर हवा वाहते आहे. तो घोटाळत असेल, तर फट अपुरी आहे किंवा पंखा दुसऱ्याच कोठल्या तरी भेगेतून, बहुधा त्याच्या शेजारच्या वायरींच्या छिद्रातून, हवा ओढतो आहे. ते छिद्र ब्रशच्या झाकणाने किंवा फोमने बुजवावे आणि खालची फट वाढवावी. एवढे करूनही फरक उतरत नसेल आणि भाड्याच्या घरात युनिट कापता येत नसेल, तर दाराची काच काढून त्या चौकटीत वेताची किंवा भोके पाडलेल्या पत्र्याची जाळी बसवून घ्यावी. आतली उपकरणे तरीही फारशी दिसत नाहीत. रिमोट अडखळू लागला तर इन्फ्रारेड एक्स्टेंडरचा (रिमोटचा इशारा आत पोचवणाऱ्या उपकरणाचा) डोळा चौकटीवर चिकटवावा.